नसलेल्या खोल्यांची घरपट्टी

१

समोरच्या लताबाईंच्या उज्वलाच्या साखरपुड्याच्या पत्रिका परत आल्या. पोस्टानं नव्हे हो. लताबाईंनी दारोदार फिरून, बायकांना हळद-कुंकू लावून हातात दिलेल्या पत्रिका सकाळी त्यांच्याच फाटकापाशी गठ्ठा करून ठेवलेल्या होत्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर विटेचा तुकडाही ठेवला होता, एवढी काळजी!

मी दुधाची पिशवी घेऊन परत येत होते. लताबाई फाटकाशी उभ्या, पदराचं टोक तोंडात धरलेलं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, पण या बाईला रस्त्यात उभं राहून रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"साधनाताई, रविवारी साखरपुडा आहे," त्या म्हणाल्या. "नांदगावहून मुलाकडची माणसं येतील आणि विचारतील, तुमचे शेजारी कुठं आहेत? काय सांगू मी?"

मी वाकून गठ्ठा उचलला. शिंद्यांची, गोटीरामची, सिंधुबाईंची. कोण मेल्यानं हा उद्योग केला असेल, त्याला सरळ करते, असं मनात म्हणत मी पुढची पत्रिका पाहिली.

तिच्यावर नाव होतं, सौ. साधना व श्री. वाल्मीक पगार.

२

"मीच ठेवली," आमचे हे म्हणाले. पेपर खाली केला नाही. "सगळ्यांचं ठरलं होतं. कॉलनीचा सेक्रेटरी आहे मी, मला वेगळं राहून कसं चालेल?"

"त्या बाईनं असं केलंय तरी काय?"

"घरभेदी आहे ती. घरपट्टीच्या माणसाला आपली सगळी माहिती तिनंच पुरवली."

आता आमची कॉलनी म्हणजे काय, तर अंबडच्या कारखान्यांत घाम गाळलेल्या लोकांनी हप्त्या-हप्त्यानं घेतलेले प्लॉट. खेड्यातली जमीन भावाला सोडून इथं आलेली माणसं. आधी एक खोली, मग स्वयंपाकघर, मग बोनस मिळाला की फरशी. नाव श्रमसाफल्य. त्यातल्या सात घरांना दोन हजार एकच्या त्या एप्रिलात नोटिसा आल्या आणि घरपट्टी कुठल्या कुठं गेली. कुणाची दुप्पट, कुणाची तिप्पट. रस्त्याला दिवे नाहीत, नळाला पाणी नाही, आणि पट्टी बघा! चिडले ते योग्यच होतं, मीही चिडले होते.

पण लताबाईंवर का? तर तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत मी नामपूरला होते, आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून. त्या काळात मोजणीचा साहेब येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा या शहाण्यांनी ठरवलं की सगळ्यांनी घराला कुलपं लावायची. बाहेरून कुलूप, मागच्या दारानं आत, आणि साहेब जाईपर्यंत टीव्हीसुद्धा बंद. अख्खी गल्ली श्वास धरून बसली. एकट्या लताबाईंनी दार उघडलं आणि वर त्या साहेबाला चहा पाजला. पुढं नोटिसा आल्या, तर त्यांची पट्टी उरलेल्या गल्लीसारखी थोडी वाढलेली, बाकी काही नाही. घरात भाडेकरू असूनसुद्धा!

"मग? आणखी काय पुरावा पाहिजे तुला?" ह्यांनी विचारलं.

"अहो, चहा पाजणं हा काय गुन्हा आहे?"

"तू आता एक्स्चेंजमध्ये नाहीस, उगाच कान देत फिरू नकोस."

बावीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून दिले. माणूस खोटं बोलायच्या आधी किती थांबतो ते मला तोंड न बघता कळतं. आणि ‘तिनंच पुरवली’ म्हणायच्या आधी हे थांबले होते.

३

मी तडक देवराम नानांकडे गेले. कॉलनीत कुणाविरुद्ध अर्ज गेला की त्याखाली देवराम नानांची सही असणार, हे सगळ्यांना माहीत. त्यांनाही जादा पट्टी आली नव्हती.

"माझ्यावर संशय का पोरी?" नाना खुर्चीतून हसले. "मी अर्ज करतो तो नाव घालून करतो. निनावी लिहायला मी काय भित्रा आहे? माझ्या दाराला कुलूप होतं, आणि मी आत बसून खोकला दाबत होतो. लाज वाटली मला त्या दिवशी, खरं सांगतो."

"मग तुमची पट्टी का नाही वाढली?"

"ते मलाही कोडंच आहे. दोन पोरं, दोन सुना, घर भरलेलं. मला तर वाटलं होतं, सगळ्यात जास्त मलाच बसेल."

दुसरा संशयित गोरक्ष वायरमन. कॉलनीतल्या प्रत्येक घराच्या आत जाणारा तो एकच बाहेरचा माणूस. कुणाच्या कुठल्या खोलीत किती दिवे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? मी त्याला पंख्याचं निमित्त करून बोलावलं.

"ताई, मी कशाला सांगू?" तो स्टुलावरून म्हणाला. "तुमची पट्टी वाढली तर तुम्ही माझीच मजुरी कापणार ना!" हे म्हणायच्या आधी तो जरासुद्धा थांबला नाही.

मग गोटीराम. ह्याची पट्टी तिप्पट झालेली, आणि लताबाईंच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा हाच.

"वैनी, बघा ना अन्याय!" त्यानं नोटीस माझ्यापुढं नाचवली. "दुकानाचा गाळा लावलाय मला! अहो कसला गाळा? शटर तं नुसतं लावेल हाय. आत माझी मोटारसायकल अन् आईची कोंबड्यांची खुराडी. दुकान काढू तवा काढू."

त्याची आई अंबूबाई ओट्यावर मेथी निवडत होती. ती म्हणाली, "शटर वर करून दाखवायची हौस कोनाला व्हती?"

"आये, तू गप बस!"

म्हातारी पुन्हा मेथीकडे वळली, पण गोटीरामचा चेहरा उतरला. मी विचारलं, "कोणाला दाखवलं शटर?"

"कोनाला नाय वैनी. तिचं काय ऐकता, लय वय झालं तिचं."

आणि हे म्हणायच्या आधी तोही थांबला होता.

४

घरी येऊन मी आमची नोटीस नीट वाचली. आतापर्यंत नुसता आकडा बघून बोटं मोडली होती. नोटिशीत कशावर कर लावला तेही लिहिलेलं असतं. घरच्यांची खोली असली तर कर कमी, भाड्यानं दिलेली असली की चढतो, दुकान म्हटलं की आणखी चढतो. आमच्या मागच्या खोलीपुढं ‘भाडेकरू’ लिहिलं होतं.

भाडेकरू? त्या खोलीत स्वराज राहतो. माझ्या नणंदेचा मुलगा, आमच्याच ताटात जेवतो.

मी सिंधुबाईंकडे धावले. त्यांच्या नोटिशीत गच्चीवर दोन खोल्या. गच्चीवर तर नुसत्या सळया उभ्या, त्यांवर कपडे वाळत होते! शिंद्यांकडे आणि उरलेल्या तीन घरांतही तीच तऱ्हा. म्हणजे सातही घरांत असं काही ना काही लावलं होतं, जे मुळात नव्हतंच.

मग माझं डोकं चालायला लागलं. ज्यानं ही माहिती दिली त्यानं घर डोळ्यांनी बघितलेलं नाही, किंवा बघूनही डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवलाय. लताबाई समोरच राहतात. गोटीरामची कोंबडी रोज त्यांच्या अंगणात घाण करते. त्यांनी चुगली केली असती तर खरी केली असती! सळयांना खोल्या कशाला म्हणाल्या असत्या? शेजाऱ्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून शेजाऱ्याकडून अशी चूक होणार नाही. गोरक्षाकडूनही नाही.

ही थाप ज्याच्या घराची त्यानंच मारलेली होती. पण स्वतःचं घर आहे त्यापेक्षा मोठं करून माणूस सांगतो कोणाला? पट्टीवाल्याला तर मुळीच नाही.

संध्याकाळी मी लताबाईंकडे गेले. आधी तेच विचारलं, भाडेकरू असून तुम्हाला सूट कशी?

"सूट कसली ताई? हे गेल्यापासून मी त्या खोलीची भाड्याची पट्टी भरतेच आहे. आधीपासून भरत होते म्हणून आता वेगळं काही लागलं नाही." त्या खाली बघून म्हणाल्या. "सगळे लपवतात, मग मी भरते असं सांगायला मला संकोच वाटायचा. लोक म्हणतील, मोठी आली हरिश्चंद्राची नात."

मला कसंतरीच झालं. खरेपणाचा संकोच करायला लावला होता आम्ही त्या बाईला.

"आणि तो साहेब? काय बोलला?"

"फार नाही. चहा घेतला. विचारलं, मुलगा आहे का? मी म्हटलं, नाही, एकच मुलगी. तर म्हणाला, मलाही एकच मुलगी आहे. आणि उगाच खिडकीतून बाहेर गल्लीकडे बघत बसला."

मग त्या उज्वलाच्या सासरचं सांगायला लागल्या. मन मोकळं करायला दुसरं होतं कोण? "मी घर बघायला गेले ना नांदगावला, तर त्यांनी काय काय दाखवलं! ही विहीर, हा गोठा, ती गच्ची, तिकडं पुढच्या वर्षी दोन खोल्या काढणार. मी आपली हो हो करत राहिले. मुलीची आई, खोदून कशी विचारणार?"

माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

सात घरं. आमचा रोहित, गोटीरामचा राज, सिंधुबाईंचा धाकटा, शिंद्यांचा. सातही घरांत लग्नाचा मुलगा! देवराम नानांची पोरं लग्न झालेली. लताबाईंना मुलगाच नाही.

५

"मी नामपूरला होते तेव्हा आपलं घर बघायला कोण आलं होतं?"

ह्यांचा घास तोंडापाशी राहिला. रोहित ताटावरून उठायला लागला, मी म्हटलं, "बस खाली."

मग बाहेर आलं सगळं. कारभारी आहेर नावाचे गृहस्थ, मूळचे नांदगावकडचे, राहायला पंचवटीत. सरकारी नोकरी आहे एवढंच मध्यस्थानं सांगितलेलं. मुलीचं नाव प्रतिभा. आमचे हे आणि रोहित मुलगी बघून आले, पोहे खाऊन आले, मग आहेर घर बघायला आले. आणि मला, मुलाच्या आईला, कोणी फोन करून कळवलंसुद्धा नाही!

"जमलं असतं तर कळवणारच होतो," हे म्हणाले.

"आणि स्वराजला भाडेकरू केलंत?"

"बोलण्याच्या ओघात म्हटलं असेल. समोरचा माणूस घर बघायला आलाय म्हटल्यावर थोडं वाढवून सांगावंच लागतं. सगळेच सांगतात."

"मुलगी का नको म्हटलीत?"

ह्यांनी भात कालवायला घेतला. रोहितच मान खाली घालून म्हणाला, "मला आवडली होती आई. बाबा म्हणाले, आपल्या घरात एवढं भाडं येतं, तर ते आपल्या तोडीचे नाहीत."

नसलेलं भाडं! त्या रात्रीपासून ह्यांचं तोंड बघायची मला इच्छा होईना.

लताबाईंकडे चहा प्यायलेला साहेब म्हणजे हेच आहेर असणार, अशी खूणगाठ बांधून शनिवारी रिक्षा करून मी एकटीच पंचवटीत गेले. दार एका मुलीनं उघडलं, सावळी, तरतरीत, खांद्याला पर्स, शाळेत शिकवायला निघालेली. मी नाव सांगितलं. तिनं पाणी आणून दिलं आणि सरळ विचारलं, "रोहितच्या आई का?" मी मान हलवली. "बसा, बाबांना बोलावते," म्हणून ती निघून गेली. तिनं तोंड वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आहेर शांत माणूस. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तुमच्याकडे मी हेरगिरीला आलो नव्हतो ताई. तेव्हा मी जकात नाक्यावर होतो, घरपट्टी खात्यात बदली नंतर झाली. मी आलो होतो तो मुलीचा बाप म्हणून."

"सात घरी?"

"मध्यस्थ एकच. एका घरानं नको म्हटलं की पुढच्या दारात उभा करायचा. प्रत्येकानं मला खोल्या दाखवल्या, गाळे दाखवले, भाडं किती ते सांगितलं. आणि त्या भाड्याच्या मानानं माझ्याकडून काय मिळायला पाहिजे तेही सांगितलं. सातव्या घरातून आलो तेव्हा प्रतिभा म्हणाली, बाबा आता पुरे."

"म्हणून तुम्ही सूड उगवलात?"

"तसं म्हणा." ते जराही थांबले नाहीत. "पण मोजणीला मी सरळ मनानं आलो होतो. दारं उघडी असती तर टेप लावून मोजलं असतं आणि खरं तेच लिहिलं असतं. सगळीकडे कुलपं, आतून माणसांचा खोकला ऐकू येतोय. बंद घराचं आहे त्या माहितीवर लिहावं लागतं. माहिती माझ्याकडे होती, घरमालकाच्या तोंडची. ज्या खोल्यांच्या जोरावर माझ्या मुलीला नाकारलं, त्या खोल्यांची पट्टी नको का भरायला?"

मी पिशवीतली आमची नोटीस काढून त्यांच्यापुढं ठेवली.

"हरकत घ्या ना," ते म्हणाले. "सुनावणीला या, माझ्यासमोर उभे राहा आणि सांगा की आहेर, आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं होतं. त्याच दिवशी कमी करतो. एवढंच ऐकायचंय मला."

६

त्याच संध्याकाळी सातही घरचे कर्ते पुरुष आमच्या ओट्यावर जमले. मी सगळं उलगडून सांगितलं. कोणी वर बघेना. मला वाटलं, आता उठतील आणि लताबाईंचे पाय धरतील.

गोटीराम म्हणाला, "भरून टाकू पट्टी."

"काय?"

"सुनावणीला गेलो तं सगळ्या पाहुण्यांत बोभाटा व्हईल. मंग आमच्या पोरांना कोन देईल पोरगी? त्यापेक्षा गुपचूप भरलेलं बरं."

"आणि लताबाई?"

"चार दिवसांत इसरतात लोक वैनी."

शिंदे हो म्हणाले. बाकीचेही माना हलवायला लागले. आमचे हे, सेक्रेटरी, चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले. महिनाभर गल्ली डोक्यावर घेऊन ज्या पट्टीला अन्याय म्हणत होते, ती भरायला एका मिनिटात तयार! माझ्या आयुष्यात मला माझ्या माणसांची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सगळे गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "उद्या मी साखरपुड्यात उभी राहून सांगणार आहे. मी सांगितलं तर सातही घरांची नावं घेईन. तुम्ही सांगितलंत तर एकाच घराचं सांगून भागेल. बघा काय ते."

रविवारी लताबाईंच्या अंगणात मांडव होता आणि मांडवात रिकाम्या खुर्च्या. देवराम नाना, गोरक्ष, मी, रोहित आणि स्वराज, एवढेच आम्ही कॉलनीचे. पाटावर बसलेली उज्वला सारखी फाटकाकडे बघत होती. नांदगावची मंडळी आपसात कुजबुजत होती. शेवटी मुलाचे मामा बोललेच, "बाई, आमच्या कानावर आलंय. तुम्ही म्हणे शेजाऱ्यांच्या चुगल्या करता. गल्लीतला एक माणूस नाही तुमच्या दारात. आधी हे काय ते मिटवा. त्याशिवाय सुपारी फुटायची नाही."

लताबाई उभ्या राहिल्या. मी पदर खोचून पुढं झाले आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

आमचे हे. अंगात इस्त्रीचा सदरा, आणि चेहरा असा पडलेला की मलाही क्षणभर दया आली.

"लताबाईंनी कोणाची चुगली केलेली नाही," ते म्हणाले. आवाज नीट निघत नव्हता. "माहिती मी दिली. माझ्या तोंडानं, माझ्याच घराची. एका मुलीचा बाप घर बघायला आला होता, त्याला म्हटलं, मागच्या खोलीचं मला भाडं येतं. खोटं होतं. तिथं माझा भाचा राहतो. त्या खोट्या भाड्याच्या जोरावर मी त्याची मुलगी नाकारली, आणि नंतर पट्टी वाढली तेव्हा या बाईचं नाव घेतलं. पत्रिका मीच परत ठेवल्या इथं."

मांडवात कोणी हललं नाही. समोरच्या घरांच्या खिडक्यांतले पडदे तेवढे हलले. मुलाच्या वडिलांनी एकदा मामांकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "झालं गेलं. भटजी, घ्या पुढं."

सुपारी फुटली. उज्वलाच्या बोटात अंगठी गेली तेव्हा अंबूबाई फाटकातून काठी टेकत आत आली, तिच्यामागं सिंधुबाई, मग शिंदीण. पुरुष काही आले नाहीत.

हे एका कडेला उभे होते. लताबाई स्वतः ताट घेऊन त्यांच्यापुढं आल्या. मी त्यांच्या डोळ्यांत राग शोधला, पण मला दिसला नाही.

"भाऊ, तुम्ही बोललात म्हणून आज माझ्या मुलीचं निभावलं," त्या म्हणाल्या. "पण त्या मुलीचं काय हो? तिला कोणी सांगितलं का, की तिच्यात काही कमी नव्हतं म्हणून?"

ह्यांनी ताट हातात घेतलं. मी शेजारीच होते, रोहितही होता. उत्तराची वाट न बघता लताबाई पुढच्या पाहुण्यांना वाढायला निघून गेल्या.